पाच अक्षरं, सहा चान्स आणि ज्वारी

माझं औशाला मेडिकल आहे, वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत एक कला आपोआप आली ती म्हणजे डॉक्टरचं अक्षर वाचणं, म्हणजे पहिलं अक्षर दिसतंय, मधे नुसत्या शेवया सांडल्यात, शेवटी एक शेपूट, आणि शब्द साधारण केवढा लांब आहे तेवढं कळतंय. त्यावरून गोळी ओळखायची. त्यामुळे २०२२ च्या जानेवारीत भाचीनं पुण्याहून ते हिरव्या-पिवळ्या चौकटीवालं वर्डल पाठवलं तेव्हा मला वाटलं हे तर आपलं रोजचंच काम आहे, फक्त इथं चुकलं तर कुणाचं पोट बिघडत नाही.

ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाच अक्षरांचा एक इंग्लिश शब्द लपवलेला असतो, ओळखायला सहा चान्स, दर चान्सला एक पाच अक्षरी शब्द टाकायचा. अक्षर बरोबर जागी असलं की हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नाहीच तर करडं. दिवसाला एकच शब्द, अख्ख्या जगाला तोच. जॉश वॉर्डल नावाच्या न्यूयॉर्कमधल्या प्रोग्रामरनं आपल्या पार्टनरसाठी, पलक शहासाठी, हे बनवलं, नावही स्वतःच्या आडनावावरूनच पाडलं. इंग्लिशमधे पाच अक्षरी शब्द सापडले बारा हजारांच्या आसपास, त्यातले निम्म्याहून जास्त कुणी आयुष्यात ऐकलेलेच नाहीत, मग त्या पलकबाईंनी बसून चाळणी मारली आणि अडीचेक हजार ठेवले. मला वाटतं खरं अवघड काम त्यांचंच. १ नोव्हेंबर २०२१ ला फक्त ९० लोक खेळत होते, दोन महिन्यांत तीन लाख, आणि जानेवारी संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सनं विकत पण घेतलं.

आता पाच अक्षरी म्हणलं की आपला घोळ होतो. आपलं अक्षर म्हणजे उच्चार. नाईट आपल्याला तीन अक्षरी, त्यांना पाच. रेशन दुकानापुढं लागते ती क्यू, आपलं एकच अक्षर, आणि ते लिहिणार क्यू यू ई यू ई, पहिल्या अक्षरातच काम झालंय तरी मागं चौघं उगाच रांगेत उभे. पण आम्ही मराठी मिडियमवाले, इंग्लिश सुरू झालं तेच पाचवीला, आणि सुरू झालं म्हणजे काय तर सर छडी घेऊन उभे आणि आम्ही सुरात एन आय जी एच टी नाईट, नाईट म्हणजे रात्र. अर्थाआधी स्पेलिंग पाठ. आज त्याचा फायदा होतो हे कबूल करतो, इंग्लिश मिडियमचा माझा पोरगा बोलतो फाडफाड पण जी एच कुठं घालायचा तिथं अडकतो.

पहिला शब्द कोणता टाकायचा यावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. बायको (ती झेडपीच्या शाळेवर आहे) अदिऊ टाकते, ए डी आय ई यू, चार स्वर एका दमात तपासून होतात म्हणून. मी स्लेट. एक तर स्लेट म्हणजे पाटी, आपलं बालपण, आणि दुसरं म्हणजे ए आणि ई दोन्ही येतात शिवाय एस एल टी हे सारखे लागणारे व्यंजन. स्वर कळून काय करता, स्वर तर बहुतेक शब्दांत असतातच, व्यंजनानं शब्द सापडतो. चिठ्ठीवर पण तसंच असतं. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल, दोन्ही मेटनं सुरू, एक शुगरची, एक जंतूंची, मेट वाचून कुणी गोळी देत नसतं. कधी कधी स्वर दगाही देतात, लिम्फ घ्या, एल वाय एम पी एच, एकही नेहमीचा स्वर नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर रोज बघतो म्हणून मला येतो, बायको त्यावर अजून चिडलेली आहे.

सगळ्यात वाईट सापळा त्या नाईटचाच. आय जी एच टी चारही हिरवे आले, माणूस खूष होतो आणि तिथंच मरतो. लाईट, माईट, नाईट, राईट, साईट, फाईट, टाईट, शिवाय एट पण. मी एकदा ओळीनं तीन चान्स असे घालवले तर बायको म्हणली, ‘अहो कामून एकेक टाकायलाव, फिल्म्स टाका की.’ एफ आय एल एम एस. उत्तर ते नाही हे माहितीय, साधं एसवालं अनेकवचन सहसा उत्तर नसतंच, पण टाकायला चालतं आणि एफ, एल, एम, एस चारही एका झटक्यात तपासून होतात. एक चान्स मुद्दाम वाया घालवायचा हे माझ्या व्यापारी डोक्यात येतच नाही!

आणि ते अमेरिकन स्पेलिंग. कलर, ह्यूमर, ट्यूमर यातला यू काढला की हे पाचात बसतात. आम्ही तो यू विसरलो म्हणून हातावर वळ घेतलेत. २०२२ मधे ह्यूमर आणि फेवर उत्तर आले तेव्हा इंग्लंडमधली माणसं पण भडकली होती, बरं वाटलं.

एकदा गंमत म्हणून ज्वारी टाकून बघितली. इंग्लिश डिक्शनरीत जोवार आहे, जे ओ डब्ल्यू ए आर, मोजून पाच. घेतली की हो त्यानं! मग बाजरा, तोही घेतला. उत्तर म्हणून कुणी ठेवणार नाही, पण परभणी मोती ज्वारी पेरणाऱ्या आमच्या भावकीला मी अभिमानानं स्क्रीनशॉट पाठवला, एकानं विचारलं भाव काय लागला.

सुरुवातीला टाकायला तसा तो फालतू शब्द आहे, जे आणि डब्ल्यू क्वचितच लागतात. तरी येळवशीच्या, म्हणजे रानात जाऊन जेवायच्या वेळ अमावस्येच्या, दिवशी मी तोच टाकतो. मागच्या येळवशीला रानात, कडब्याच्या कोपीशेजारी बसून टाकला, भोवती ज्वारी उभी आणि मोबाईलला एक दांडी रेंज. ए हिरवा आला, आर पिवळा. पुढचा शब्द डोक्यात जुळतच होता तेवढ्यात बायको म्हणली भज्जी गार व्हायलीय, आणि मोबाईल काढून तिनं आपल्या पिशवीत टाकला. संध्याकाळी घरी आल्यावर बघतो तर तिनं माझ्याच चान्सवर तिसऱ्यात सोडवून ठेवलं होतं.