तुम्ही विचारलंत म्हणून: यूपीआय असताना लाइटनिंग कशाला?

नाशिकमधील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांशी बोलताना, आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांत सॉफ्टवेअर बसवायला गेल्यावरही, मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. रस्त्यावरच्या चहावाल्याकडेही यूपीआय चालते आणि ग्राहकाला त्यासाठी वेगळा पैसा मोजावा लागत नाही; मग लाइटनिंग या नेटवर्कवरून बिटकॉइनमधील अगदी बारीक रकमा क्षणात देणारी-घेणारी ॲप्स बनवण्यात तुम्ही वेळ का घालवता?

चहाचे पैसे यूपीआयनेच द्यावेत, हे माझेही मत आहे. मला रस आहे तो ज्या व्यवहारांसाठी आज कोणतीही सोय नाही, अशा व्यवहारांत. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जात आहेत, त्यामुळे पैशाचे दृश्य रूप आपल्या शहराला नवे नाही. परंतु त्या रूपाला खालच्या बाजूने एक मर्यादा आहे. 30 जून 2011 पासून 25 पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, आणि उरलेले 50 पैशांचे नाणेही बाजारात फारसे कोणी घेत नाही. याउलट एका बिटकॉइनचे 10 कोटी भाग, म्हणजे सातोशी, होतात. बिटकॉइनचा भाव एक कोटी रुपये धरला तर एक सातोशी दहा पैशांची ठरते, आणि लाइटनिंग नेटवर्क हिशोब ठेवते ते सातोशीच्याही हजाराव्या भागापर्यंत.

ही सूक्ष्मता कशासाठी हवी, ते निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवरून सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचा धोका किती आहे, हे पानांवरचा ओलावा आणि तापमान पाहून सांगणारी सेवा मी उभी केली, तर शेतकऱ्याच्या फोनमधील ॲपने माझ्या सर्व्हरला एका प्लॉटचा अंदाज विचारावा आणि त्या एका विचारणेचे वीस पैसे तिथेच चुकते व्हावेत, एवढेच त्या व्यवहाराचे मोल आहे. त्यासाठी वर्षभराची वर्गणी लावणे अन्यायाचे होईल, आणि प्रत्येक वेळी माणसाने पिन टाकायची म्हटले तर ती सेवा कोणी वापरणारच नाही.

वेबच्या नियमांत याची जागा फार पूर्वीच राखून ठेवलेली आहे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाचे नियम म्हणजे एचटीटीपी; त्यातील 402 हा संकेत, ‘पैसे भरणे आवश्यक’, 1997 च्या दस्तऐवजातच पुढील वापरासाठी म्हणून नोंदलेला आहे. आता एल402 या पद्धतीत सर्व्हर 402 सोबत लाइटनिंगचे बिल आणि एक टोकन, म्हणजे प्रवेशाची डिजिटल चिठ्ठी, पाठवतो, ॲप ते बिल भरते, भरल्याचा पुरावा म्हणून त्याला एक गुप्त संख्या मिळते आणि ती टोकनासोबत दाखवली की माहिती हाती येते. खाते नाही, ईमेल नाही, कार्ड नाही.

ती गुप्त संख्या हाच या रचनेचा गाभा आहे. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी 2016 मध्ये मांडलेल्या आराखड्यानुसार दोन व्यक्ती काही बिटकॉइन दोघांच्या सह्यांच्या कुलपात ठेवून एक चॅनल उघडतात आणि त्यानंतर कोणाचे किती, याचा ताळेबंद आपापसांत सह्या करून बदलत राहतात. बिटकॉइनच्या मुख्य साखळीवर, म्हणजे सर्वांच्या सामाईक नोंदवहीत, नोंद होते ती फक्त उघडताना आणि बंद करताना, त्यामुळे दर वेळी ब्लॉकची, म्हणजे सुमारे दहा मिनिटांनी जोडल्या जाणाऱ्या नोंदींच्या गठ्ठ्याची, वाट पाहावी लागत नाही. थेट चॅनल नसेल तर पैसे मधल्या नोड्समधून, म्हणजे नेटवर्कमधल्या इतरांच्या संगणकांतून, जातात. मार्गाची माहिती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी गुंडाळलेली असते, म्हणून प्रत्येक नोडला फक्त आपल्या मागचा आणि पुढचा शेजारी कळतो. प्रत्येक टप्प्यावरची रक्कम त्याच गुप्त संख्येच्या हॅशने, म्हणजे तिच्यापासून काढलेल्या पण उलट न उलगडणाऱ्या ठशाने, अडवलेली असते, आणि घेणाऱ्याने संख्या उघड केली की सगळे टप्पे उलट्या क्रमाने सुटत जातात. मला हे आजही अतिशय सुंदर वाटते.

डेव्हलपरचे खरे कष्ट मात्र सुरू होतात ते चॅनलमधल्या पैशाच्या बाजूंपासून. नुकतेच स्वतःचे पैसे घालून चॅनल उघडलेल्याला पैसे देता येतात, पण घेता येत नाहीत, कारण समोरच्या बाजूला काहीच शिल्लक नसते; ही आवक-क्षमता विकत घ्यावी लागते किंवा कोणाकडून तरी मिळवावी लागते. साखळीवरचे शुल्क चढले की चॅनल उघडणे-मिटणेच महाग होते. आणखी एक बाब मी प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रहाने सांगतो: काहीशे सातोशींच्या खालची रक्कम साखळीवर स्वतंत्र नोंद होण्याइतकी मोठी नसते, म्हणून ती वाटेत असताना चॅनल जबरदस्तीने बंद पडले तर ती मायनरच्या, म्हणजे साखळीवर ब्लॉक जोडणाऱ्याच्या, शुल्कात जमा होते. म्हणजे सर्वांत लहान पेमेंटला साखळीचे पूर्ण संरक्षण नसते. रक्कमच किरकोळ असल्याने हे मला मान्य आहे, पण ॲप बनवणाऱ्याला ते ठाऊक असलेच पाहिजे. या सगळ्या कटकटी टाळण्यासाठी अनेक जण वापरकर्त्यांचे पैसे स्वतःकडेच ठेवतात. मला तो मार्ग पटत नाही, कारण मग परक्याचे पैसे सांभाळण्याची जबाबदारी येते आणि भारतात अशा सेवा मार्च 2023 पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आलेल्या आहेत.

मग द्राक्षबागेची ती सेवा मी सुरू का केली नाही? आपल्याकडे 1 एप्रिल 2022 पासून बिटकॉइनसारख्या आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर 30 टक्के कर आहे, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही, आणि 1 जुलै 2022 पासून ठरावीक मर्यादेपुढे 1 टक्का टीडीएसही लागू झाला. वीस पैशांची प्रत्येक विचारणा हे शेतकऱ्याच्या दृष्टीने एक हस्तांतरण ठरेल, आणि हंगामभरातल्या अशा शेकडो विचारणांचा हिशोब ठेवायला मी त्याला सांगू शकत नाही. म्हणून माझे लाइटनिंगचे काम परदेशी ग्राहकांसाठी असते आणि माझा मोबदला रुपयांत बँकेत येतो. नफ्याची रक्कम अगदी नगण्य असेल तर तिला करातून सूट मिळावी, असे माझे ठाम मत आहे.

शिकायचे असेल तर खरे बिटकॉइन विकत घेण्याची मुळीच गरज नाही. पोलार हे मोफत साधन लॅपटॉपवर खोट्या नाण्यांचे संपूर्ण नेटवर्क उभे करून देते. त्यात तीन नोड जोडा, पहिल्याकडून तिसऱ्याकडे शंभर सातोशी पाठवा, मग पेमेंट वाटेत अडवून ठेवून मधल्या नोडचे एक चॅनल जबरदस्तीने बंद करा आणि ते शंभर सातोशी कुठे गेले, ते शोधून काढा.