मंगळवारचा वाघ – आमची वाटचाल

आम्ही कॉम्प्युटरवर जंगलातल्या जनावरांची चित्रं काढतो आणि भिंतीसाठी मोठी छापून देतो. आमच्या दुकानात सगळ्यात जास्त वर्दळ मंगळवारी असते, कारण मंगळवारी ताडोबाचं जंगल सफारीला बंद. जिप्सीवाले, गाईड लोक त्या दिवशी चंद्रपुरात येतात, कुणाला टायर घ्यायचा असतो, कुणाला पोराची फी भरायची असते, आणि जाता जाता आमच्याकडे चहाला टेकतात आणि स्क्रीनवर जे चित्र चालू असेल ते बघतात. आज आमचं काम जे काही आहे ते या मंगळवारांमुळे आहे असं मी मनापासून मानतो.

बाबा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे वाघ, शाळेच्या भिंती, सगळं हाताने. नीळ लावलेल्या दोरीने रेघ मारायची आणि एनॅमलमध्ये अक्षर भरायचं, मी लहानपणी दोरीचं एक टोक धरून उभा असायचो. मग फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत पाट्यांचं काम जवळजवळ संपलंच. बाबांनी ब्रश ठेवले, मी कॉम्प्युटर शिकलो, आधी लग्नपत्रिका आणि बॅनर, मग कॉम्प्युटरवर पेनाने चित्र काढायची पाटी, म्हणजे एक सेकंडहँड पेन टॅब्लेट घेतला आणि रात्री दुकान बंद झालं की वाघ काढत बसायचो. बायको हिशोब आणि प्रिंटिंग बघायची, अजूनही तीच बघते.

पहिली मोठी ऑर्डर एका रिसॉर्टची होती, रिसेप्शनच्या भिंतीसाठी चालत येणारा वाघ. मी महिनाभर खपलो, केस न केस काढला, मिशीच्या मुळाशी असलेले ठिपकेसुद्धा. मंगळवारी ताडोबाच्या मोहर्ली गेटचे एक गाईड आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, हा वाघ चालून नाही राह्यला, याले उभा करून ठेवला. वजन कुठी हाय याचं?"

त्या रात्री झोप नाही लागली. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यासोबत जंगलात गेलो आणि त्यांनी सांगितलं तसं फक्त खांदे बघितले. वाघ चालतो तेव्हा ज्या पायावर भार असतो त्या बाजूचं खांद्याचं हाड पाठीच्या रेषेच्या वर येतं आणि दुसऱ्या बाजूचं खाली जातं. मांजराच्या जातीत ते हाड आपल्यासारखं गळ्याच्या हाडाला पक्कं जोडलेलं नसतं म्हणून ते एवढं सरकतं. उचललेला पुढचा पंजा मनगटातून सैल लोंबतो. मागचा पाय जवळजवळ पुढच्याच पायाच्या ठशात पडतो. पोटाखालची कातडी पावलाच्या थोडी मागे राहून हलते. माझ्या वाघाचे दोन्ही खांदे एका पातळीत होते, चारही पंजे जमिनीला चिकटलेले, मग तो चालणार कसा.

आणि पट्टे! मी पट्टे वेगळ्या लेअरवर, म्हणजे चित्रावरच्या वेगळ्या थरावर काढून अंगावर चिकटवल्यासारखे बसवले होते. खरं तर कातडी जिथे ताणते तिथे दोन पट्ट्यांमधलं अंतर वाढतं, जिथे अंग वळतं तिथे पट्टे एकमेकांजवळ येतात आणि बरगडीच्या पलीकडे जाताना बारीक होत गायब होतात. म्हणजे पट्टा हा नुसता रंग नाही, अंगाची गोलाई तोच सांगतो. हे कळल्यावर मी केसांचा हट्ट सोडला. मला विचाराल तर पट्टे बरोबर वळले तर अर्धे केस काढायची गरजच पडत नाही.

धावणाऱ्या जनावराचं अजून वेगळं. 1878 मध्ये अमेरिकेत मायब्रिजने धावत्या घोड्याचे ओळीने फोटो काढले तेव्हा दिसलं की घोडा पूर्ण हवेत असतो तेव्हा त्याचे पाय पोटाखाली गोळा झालेले असतात, त्याआधीचे चित्रकार मात्र चारही पाय लांबवून घोडा उडवायचे. मीसुद्धा चितळ तसेच उडवत होतो. आता गाईड लोक मोबाईलवर स्लो मोशन काढून आणतात आणि आम्ही एकेक फ्रेम थांबवून बघतो. घाबरलेल्या चितळाची शेपटी वर होते आणि खालचा पांढरा भाग दिसतो, कळपात तो पांढरा ठिपका पुढून मागे लहान लहान होत गेला की पळापळ आपोआप दिसते. सुरुवातीला मी ब्लरचा फिल्टर अख्ख्या जनावरावर मारायचो आणि चित्र हललेल्या फोटोसारखं व्हायचं. आता डोळा आणि डोकं धारदार ठेवतो, खूर आणि धूळ सैल सोडतो, मागचं गवत धावण्याच्या दिशेत ओढतो.

चित्रात जवळचं-लांबचं वेगळं दाखवायचा, म्हणजे खोलीचा धडा मात्र नुकसानीतून मिळाला. एका मोठ्या ऑर्डरचे कॅनव्हास बाहेरच्या शहरातून छापून आणले, उघडून बघतो तर जंगल म्हणजे नुसता काळा पडदा, बांबू कुठला आणि साग कुठला काही कळेना. स्क्रीनवर उजेड आतून येतो म्हणून काळोखातले चार थर वेगळे दिसतात, कॅनव्हासवर शाईचे ते चारही एक होतात. सगळे परत छापावे लागले, त्या वर्षी दिवाळीत घरात नवीन काहीच आलं नाही. तेव्हापासून नियम एकच, सगळ्यात गडद रंग फक्त पुढच्या गवताला आणि जनावराला, मागे जाईल तसा काळा कमी करायचा आणि कडा मऊ करायच्या. आणि मोठं छापायच्या आधी सहा इंचाची एक पट्टी छापून बायको ती दाराबाहेर उन्हात धरून बघते, तिने हो म्हटल्याशिवाय फाईल जात नाही.

शिकवणीचे व्हिडिओ सांगतात लांबचं सगळं निळं करा. हिवाळ्यात पहाटे तलावावर धुकं असतं तेव्हा ते खरंही आहे. पण मे महिन्यात आमच्या जंगलात साग बोडका असतो, रस्त्यावरची धूळ हवेत तरंगत असते आणि लांबची झाडं फिकट, मातकट दिसतात. तिथे निळा टाकला की इथला माणूस लगेच ओळखतो की चित्र काढणारा उन्हाळ्यात आत गेलेलाच नाही. म्हणून आम्ही ऑर्डर घेतानाच विचारतो, कोणत्या महिन्याचं जंगल हवं?

2020 मध्ये लॉकडाऊनमध्ये रिसॉर्ट बंद पडले आणि ऑर्डरी थांबल्या, तेव्हा बॅनरच्या कामावर दिवस काढले. हळूहळू घरांच्या ऑर्डरी यायला लागल्या, पुण्या-मुंबईतून, आणि इथून बाहेरदेशी गेलेल्या आपल्या लोकांकडून पण. पुतण्या आता पूर्ण वेळ आमच्यासोबत आहे, त्याचा हात माझ्यापेक्षा मोकळा आहे.

सध्या बफरमधल्या, म्हणजे ताडोबाच्या मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या एका शाळेच्या भिंतीसाठी रानकुत्र्यांचा कळप चालू आहे, पंधरा फूट लांब, पावसाळ्यातला. सात कुत्रे आहेत, सहा जमलेत. सातवा वळण घेतोय आणि त्याचा आतला पाय अजून चिखलात रुतल्यासारखा वाटत नाही, तीनदा पुसून झाला. बाबा खुर्चीत बसून बघत असतात, काल म्हणाले पायापेक्षा मागचा चिखल आधी काढ, कुठल्या बाजूला उडालाय ते बघ, मग पाय आपोआप कळेल. आज तसंच करून बघितलंय, परवा मंगळवार आहे.