मॉर्मन मेसा: वर वर येत गेलेली फरशी

लास व्हेगासहून ईशान्येला शंभरेक किलोमीटरवर ओव्हरटन नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या पूर्वेला मॉर्मन मेसा हे सपाट माथ्याचं पठार उभं आहे, एका बाजूला मडी नदीचं खोरं आणि दुसऱ्या बाजूला व्हर्जिन नदीचं. लोक वर चढतात ते बहुतेक मायकेल हायझरने १९६९-७० मध्ये पठाराच्या पूर्व कडेला खोदलेली ‘डबल निगेटिव्ह’ ही कलाकृती पाहायला. आम्हीही घरी तेच सांगून निघालो. पण सोबत माझी भाची होती, आणि ती मृदाशास्त्र शिकते. त्यामुळे कलेच्या वाट्याला किती वेळ येणार याचा अंदाज मला होताच.

कच्च्या रस्त्याचा चढ छातीवर येणारा आहे. उंच चाकांची गाडी नसेल तर जाऊ नये. वर पोचलं की चढ एकदम संपतो आणि नजर पोचेल तिथपर्यंत सपाटी. चाकांखाली पांढऱ्या चिपा खडखडत राहतात. अधूनमधून क्रियोसोटची झुडपं, एकमेकांपासून चांगलं अंतर राखून. सावली नावाला नाही.

भाचीने गाडी थांबवायला लावली आणि एक दगड उचलून माझ्या हातात दिला. वरची बाजू काळपट तपकिरी, चकाकी असलेली. उलटा केला तर खाली पांढरं, खरखरीत कवच, नखाने खरवडलं तरी निघेना.

“मामा, पाणी दगडाच्या पोटाला चिकटून राहतं आणि तिथेच सुकतं. चुना मागे उरतो,” ती म्हणाली. “पांढरी बाजू वर असलेला दगड दिसला की समजायचं, कुणीतरी तो उलटवलाय.”

मग मी चालताना तेच बघत बसलो. गाडीवाटेच्या कडेला पांढऱ्या पाठीचे दगड कितीतरी होते. आतल्या भागात क्वचितच.

एका वाटेलगत तिने खुरप्याने माती उकरून दाखवली. वर दगडगोट्यांचा एक थर, त्याखाली फिकट, भुरभुरीत, बारीक छिद्रांची माती. ही माती बरीचशी वाऱ्याने आणलेली धूळ आहे; दगड तिच्यावर तरंगत राहतात आणि ती त्यांच्याखाली साठत जाते. आणखी थोडं खाली गेलं आणि खुरपं टण्णकन वाजलं. पुढे काही नाही. अमेरिकेत या थराला सगळे ‘कॅलिचे’ म्हणतात. मृदाशास्त्रातलं नाव पेट्रोकॅल्सिक थर. सुकलेला तुकडा पाण्यात टाकला तरी विरघळून मऊ होत नाही आणि मुळं फक्त भेगांमधूनच आत शिरू शकतात, ही त्याची ओळख. तो ५० सेंटीमीटरच्या आत लागला, तर जमीन उथळ गणली जाते.

मला वाटलं होतं की खाली मूळ चुनखडक असेल आणि त्यावरची माती वाहून गेली असेल. तसं नाही. हा थर मातीतच तयार झालाय. चुना आला तो बराचसा वरून, धुळीतून आणि पावसातून. इथे वर्षाला पाऊस १०-१२ सेंटीमीटरच्या आसपास. मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाणी किंचित आम्लधर्मी होतं, चुना विरघळवतं, थोडं खाली उतरतं आणि तिथेच आटतं. चुना खाली वाहून जाण्याइतका पाऊस नाही आणि अजिबात हलणार नाही इतका कोरडेपणाही नाही. त्यामुळे तो वर्षानुवर्षं साधारण त्याच खोलीवर साचतो.

१९६६ मध्ये गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांनी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या कामावरून या साचण्याचे चार टप्पे मांडले. पुढे इतरांनी आणखी दोन जोडले. आधी दगडांच्या पोटाला पुटं, मग गाठी, मग मातीतल्या पोकळ्या भरत भरत सगळा थर एकजीव. दगडगोट्यांच्या जमिनीत हे लवकर होतं, कारण भरायला जागाच कमी असते. खरी गंमत त्यानंतरची. पोकळ्या बुजल्या की पाणी खाली जाऊ शकत नाही. ते थराच्या माथ्यावर पसरतं, आटतं आणि चुन्याचा पातळ पापुद्रा ठेवून जातं. त्यावर पुढचा, त्यावर आणखी एक. म्हणजे फरशी वर वर चढत जाते आणि वरची माती कमी कमी होत जाते. वाऱ्यापाण्याची झीज आहेच, पण ही जमीन उथळ आहे त्याचं श्रेय एकट्या झिजेला देता येत नाही.

‘डबल निगेटिव्ह’पाशी पोचल्यावर हे सगळं उभ्या भिंतीवर दिसलं. सुमारे ४५० मीटर लांब, १५ मीटर खोल, ९ मीटर रुंद असा हा छेद. २,४०,००० टन माल बाहेर काढलेला. कलेविषयी लिहिणारे रिकाम्या जागेबद्दल लिहितात. माझ्या मते मातीचा छेद पाहायला याहून चांगली जागा फार थोडी असेल. वरच्या टोकाला पांढरे-करडे पापुद्रे, जुन्या भिंतीवरच्या चुन्याच्या हातांसारखे एकावर एक. मध्येच थर फुटून त्याचे तुकडे पुन्हा चुन्यानेच सांधलेले, आणि त्यांत वाटाण्याएवढे गोल दाणे. हा शेवटचा, सहावा टप्पा. इथला थर ४० ते ५० लाख वर्षांपासून घडत आलाय असं अभ्यासक मानतात.

त्याखाली मऊ, लालसर गाळ. पाऊस तो आधी पोखरतो आणि वरचं कडक छप्पर अधांतरी राहतं. खाली पडलेले मोठाले ठोकळे त्याचेच. “मामा, कडेला जाऊ नकोस, खाली पोकळ असेल,” हे मी दिवसभर ऐकलं, आणि जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं.

अशा जमिनीत झाडं जगतात कशी? सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा त्याहून जास्त, लोह आणि स्फुरद चुन्यात अडकलेलं. पण ही फरशी पूर्ण बंद नसते. न्यू मेक्सिकोतल्या होर्नाडा इथल्या संशोधनात दिसलं की हा थर पाणी शोषतो, आणि त्यातलं बरंचसं झाडांना मिळू शकतं. ज्या थरावर मुळं अडतात, तोच कोरड्या काळात त्यांना ओल पुरवतो. मोहावी वाळवंटातली कासवंही त्याचा फायदा घेतात: ओढ्यांच्या काठाला कॅलिचेखालच्या कपारींत ती उन्हाथंडीपासून आसरा घेतात. आम्हाला मात्र कपारी दिसल्या, कासव नाही.

परतताना लास व्हेगासच्या कडेला नव्या घरांची कामं चालू होती. एका प्लॉटवर यंत्राला जोडलेला ब्रेकर धडधडत होता आणि शेजारी पांढऱ्या ढेकळांचा ढीग. पोहण्याचा तलाव खणायचा तर इथे आधी हाच थर फोडावा लागतो. भाची म्हणाली की ठेकेदार मातीच्या खोदाईचा भाव सांगतात आणि पुढे लिहितात: कॅलिचे लागल्यास दर वेगळा.