झेनॉनचे हेलकावे : दोन कप्पे झाले, आता चौदा

मंडळी, अणुभट्टीच्या गाभ्याचं कॉम्प्युटरवरचं दोन कप्प्यांचं मॉडेल मनासारखं डुलायला लागलंय. एकूण पॉवर १०० टक्क्यांवर बांधून ठेवली, डाव्या अर्ध्याला जरासा धक्का दिला आणि सोडून दिलं. डावा वर, उजवा खाली, मग उलट. एक फेरा जवळपास दिवसभराचा.

सगळी गोम आयोडीनच्या उशिरात आहे. न्यूट्रॉन खाणारा झेनॉन-१३५ विखंडनातून थेट फार थोडा निघतो. बहुतेक येतो तो आयोडीन-१३५ मधून, आणि त्याचं अर्धायुष्य साधारण ६.६ तास. डावीकडे न्यूट्रॉन वाढले की तिथला झेनॉन आधी जळतो. खाणाराच कमी झाला, म्हणून पॉवर आणखी चढते. पण तेव्हाच आयोडीनही साठत असतं. काही तासांनी त्याचा झेनॉन होतो आणि डावी बाजू बसते.

फ्लक्सवर, म्हणजे दर सेकंदाला एका चौरस सेंटिमीटरमधून जाणाऱ्या न्यूट्रॉनांच्या संख्येवर, मात्र लक्ष ठेवा. १० चा १३वा घात धरला तर झेनॉनचं जळणं आणि त्याचा आपसूक क्षय जवळपास सारखेच, त्यामुळे हेलकावा विरून जातो. १४वा घात घेतला की जळणं क्षयाच्या बारापट. तिथे दोन कप्प्यांमधली जोडणी, म्हणजे न्यूट्रॉनांची ये-जा, सैल केली की हेलकावे वाढतच जातात.

न्यूट्रॉनांचं समीकरण काळात सोडवायच्या भानगडीत पडू नका. झेनॉन तासांच्या चालीनं चालतो, न्यूट्रॉन त्यामानानं फार लवकर स्थिरावतात. दर पावलाला त्यांचा समतोल धरला की पाच मिनिटांचं पाऊलही पुरतं. उन्हाळ्यात इथे सोलापुरात लाइट कधी जाईल नेम नाही, त्यामुळे झटपट संपणारा प्रोग्राम मला जास्त प्यारा.

यंत्रमागाची कामं करणारा मित्र परवा आलेख बघून म्हणाला, “लाइन तर सरळच हाय की रे!” तो एकूण पॉवर बघत होता. म्हणून सांगतो, डाव्या-उजव्यातला फरक काढा. एकूण आकड्यात काही म्हणजे काही दिसत नाही.

तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या भट्ट्यांत याच कारणासाठी साध्या पाण्याचे १४ कप्पे आहेत. पातळी वाढली की तिथले न्यूट्रॉन जास्त शोषले जातात. २२० मेगावॉटचा गाभा लहान, जोडणी घट्ट, तिथे हा खटाटोप लागत नाही.

सध्या चौदा कप्प्यांत कोण कुणाचा शेजारी, हा तक्ता भरतोय. पाण्याचा कंट्रोलर मुद्दाम लावलेला नाही. मोकळा सोडल्यावर गाभा आधी कुठल्या दिशेनं डुलतो ते बघायचंय. तक्त्याची सुटसुटीत मांडणी कुणी केली असेल तर टाका.