उकळतं की उकळलेलं?

"आय ड्रिंक ओन्ली बॉइलिंग वॉटर."

भाच्याने वहीत लिहिलेलं हे वाक्य मी मोठ्याने मराठीत करून वाचलं, मी फक्त उकळतं पाणी पितो, आणि पलीकडे सुंगटं सोलत बसलेली आई बोटं तशीच ठेवून म्हणाली, "अरे मेल्या, जीभ भाजेल ना, उकळलेलं म्हण, उकळलेलं!"

आईला एबीसीडीच्या पलीकडे इंग्रजी येत नाही. पण प्रेझेंट पार्टिसिपल (क्रियापदाचं -ing वालं रूप) आणि पास्ट पार्टिसिपल (बहुतेकदा -ed वालं रूप) ज्यावरून मी अर्धा तास घसा कोरडा करत होतो ते तिने एका दमात निकालात काढलं. उकळतं म्हणजे बॉइलिंग, अजून बुडबुडे येतायत, उकळलेलं म्हणजे बॉइल्ड, काम झालं, आता माठात ओता. तळलेला बांगडा फ्राईड, पडलेलं झाड फॉलन, तिथे शेवटी -ed बिडी काही नाही, ते पाठच करायचं.

मग भाच्याने मला अडकवलं. "पण मामा, द वॉटर विल बी बॉइल्ड टुमारो, पाणी उद्या उकळणार तर पास्ट कसं?" खरंच की! नावात पास्ट आहे पण काळ सांगतो तो विल बी, बॉइल्ड फक्त पाण्याचं काय होणार तेवढं सांगतं. बॉइलिंगही कालच्या वाक्यात चालतं, वॉज बॉइलिंग. इतकी वर्षं म्हापसा-पणजी बसमधून जाताना इंग्रजी पेपर वाचतोय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शाळेत आम्हाला ह्या गोष्टी आधी मराठीतून का नाही कोणी सांगितल्या? तुम्हाला सांगितल्या होत्या?