बिनपाण्याची हजामत

एखाद्याला भरपूर बोलून घेतलं की मराठीत त्याची 'खरडपट्टी' निघते, नाहीतर त्याची 'बिनपाण्याने' होते. ज्या कोणी हे शब्द रूढ केले त्याला वस्तऱ्याचा चांगला अनुभव असावा. दाढीनंतर गाल का चरचरतात, याचं निम्मं निदान या दोन शब्दांतच आहे: पाणी कमी पडलं आणि केस कापायचे सोडून कातडी खरडली गेली. तरीही दोष जातो तो धारेला. 'फार धारदार होता हो वस्तरा!' वास्तविक धारदार पातं बिचारं काही करत नाही. आग लावतं ते बोथट.

आधी पाण्याचं बघू. दाढीचा कोरडा खुंट चिवट असतो. तो भिजला की फुगतो, मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. पण या भिजण्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. तोंडावर दोन हबके मारून लगेच ब्रश फिरवणाऱ्याचे केस वरवर ओले आणि आतून कोरडेच राहतात. आंघोळीनंतर दाढी करावी ती यासाठी. नाहीतर कोमट पाण्यात पिळलेला पंचा दोन मिनिटं गालांवर धरावा. कढत पाणी नको, ते कातडीवरचं तेलही धुऊन नेतं.

फेसाच्या बाबतीत डोळे फसतात. सांताक्लॉजसारखा फुगलेला फेस म्हणजे बहुतेक हवाच. कामाचा फेस ताज्या घट्ट दह्यासारखा दिसतो, बुडबुडे न दिसणारा आणि चकचकीत. तो मिळवायचा तर ब्रश पिळून साबणावर फिरवावा आणि मग अर्धा-अर्धा चमचा पाणी घालत घोटत राहावं. बोअरवेलचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं, फेसाऐवजी चिकट साका होतो आणि पातं अडखळतं. अशा वेळी फेसापुरतं आरओ फिल्टरचं अर्धी वाटी पाणी घ्यावं. आणि डोक्यावर गरगरणारा पंखा! त्याच्याखाली दुसरा गाल येईपर्यंत फेस वाळून पापड होतो. एका वेळी अर्ध्याच चेहऱ्याला फेस लावावा.

आता हात. पातं कातडीशी साधारण 30 अंशांत धरायचं असतं. कोनमापक लागत नाही. पातं 16 मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ गालापासून सुमारे 8 मिलिमीटर वर हवी. पाठ फार खाली गेली तर केस ओढले जातात, फार वर गेली तर कातडीचा वरचा पापुद्रा निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण थोड्या वेळाने घाम लागला की कळतो. त्यात कार्ट्रिजची, म्हणजे डोकं बदलायच्या रेझरची सवय असलेला हात दाब देतो. तिथे दाब झेलायला प्लास्टिकची कड असते, इथे मधे कोणीच नाही. मूठ चिमटीत हलकी धरावी, दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात मारावेत. पातं धारेच्या रेषेत आडवं सरकलं, तर मात्र आग नाही, थेट रक्तच.

दाब का द्यावासा वाटतो? कारण पातं कापत नाही. आणि ते बहुधा चामड्याच्या पट्ट्यावर बिघडलेलं असतं. दर दाढीआधी पट्ट्याच्या कापडी बाजूवर पात्याच्या 25-30 आणि चामड्यावर 50 फेऱ्या, पाठ पुढे आणि धार मागे, वळवताना पाठीवरूनच वळवायचं. पट्टा झोळीसारखा सैल धरला की धार त्याच्या बाकावर घासून गोल होते. दिसायला तीच चकाकी, गालावर मात्र ओढाताण. पट्ट्याने भागेनासं झालं की दगड: 1000 नंबरच्या भरड दगडावर धारेचा उतार बसवायचा, 8000 किंवा 12000 च्या बारीक दगडावर शेवट. पण दर आठवड्याला दगड काढणंही बरं नव्हे. जास्त घासलं की धारेच्या टोकाला तारेसारखी कच्ची कड उरते आणि तीच कातडी ओरबाडते.

सलूनमध्ये दिसतो तो वस्तरा खरं तर वस्तऱ्याच्या आकाराची मूठ. त्यात ब्लेडचं अर्धं पान असतं, दर गिऱ्हाइकाला नवं. आरोग्याला उत्तम, पण पान पातळ, कोपरे टोकदार. तिथे हात आणखी हलका हवा.

मग येते मान. गालावरचे केस बहुधा खाली वळतात, मानेवरचे मात्र आडवे, तिरपे, कधी चक्क वर. दोन दिवसांच्या वाढीवर कोरडी बोटं फिरवावीत. जिथे खरखरत नाही ती केसांची दिशा. पहिला हात त्याच दिशेने. कातडी गच्च ताणून उलटा हात मारला की केस पृष्ठभागाच्याही खाली कापला जातो. कुरळा असेल तर वाढताना तिरपं टोक परत कातडीत घुसतं आणि पुटकुळी उठते. ही केसतूड नव्हे. केसतुडात केसाच्या मुळाशी जंतू शिरतात, पू होतो. पुटकुळीवर उपाय म्हणजे काही दिवस दाढीच न करणं. चिमट्याने केस उपटू नये, नवा आणखी खोलातून येतो.

शेवटी तुरटी. ती झोंबते म्हणून तिला शिव्या पडतात, पण ती केवळ निकाल सांगते. सगळीकडे सारखी झोंबली तर दाब जास्त होता, फक्त जबड्याखाली झोंबली तर तिथे कोन चुकला, नुसता थंडावा वाटला तर हात जमला. ओली फिरवावी, अर्ध्या मिनिटाने धुवावी. खडा मात्र आपापला ठेवावा.

सलूनच्या खुर्चीत यातलं फारसं काही आपल्या हातात नसतं. एक हात झाला की कारागीर विचारतो, ''उलटा मारू का?'' आणि तोवर फेस गेलेल्या गालावर पाण्याचा एक फवारा उडवतो. तेव्हा एवढंच म्हणावं, ''मारा, पण दादा, आधी परत साबण लावा.''