शिंदळ माकुडी आणि आमच्या माळावरची माकडशिंगी

गेल्या पावसाळ्यात सज्जनगडाला गेलो तेव्हा कड्याच्या कपारीत शिंदळ माकुडी पहिल्यांदा बघितली. जाडसर मांसल फांद्या, पावसाळ्यापुरती पानं आणि तांबड्या चांदणीसारखी फुलं, त्यावर पिवळे ठिपके. 'फ्रेरिया इंडिका' हे शास्त्रीय नाव तिला डॅल्झेल या वनस्पतीशास्त्रज्ञानं 1860 च्या दशकात दिलं, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून. ही फक्त महाराष्ट्रात, तीपण शिवनेरी, सज्जनगड अशा मोजक्या डोंगरकड्यांवर. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं एकेकाळी जगातल्या सगळ्यात धोक्यातल्या 12 वनस्पतींत तिला घातलं होतं. मला तर अंगावर काटा आला बघून.

पण घरी येताना डोक्यात सारखी माकडशिंगीच घोळत होती. ती आमच्या सोलापूरकडं मुरमाड माळावर निवडुंगाच्या नाहीतर बोरीच्या झुडपाखाली उभी असते, चौकोनी हिरव्या कांड्या, पानं जवळजवळ नाहीतच, शेंड्याला छोटी जांभळट फुलं. माशाच परागीभवन करतात दोघींचं, आणि शेंगा जोडीनं शिंगासारख्या येतात. एकाच रुईच्या कुळातल्या, बहिणीच म्हणा. मामा मेंढरं घेऊन नान्नजकडं जायचे तेव्हा माकडशिंगी कच्चीच मोडून मिठाबरोबर खायचे, म्हणायचे, "हिनं तहान आन् भूक दोन्ही मरतीया बघ." आता तिचाच अर्क वजन कमी करायच्या गोळ्यांत विकतात.

माकुडीला कड्यानंच वाचवलंय, शेळी तिथं पोचत नाही. वणवा आणि दरड यांची भीती आहेच, पण फांदी लावली की ती जगते, त्यामुळं बऱ्याच बागांत वाढवलीय, लोक तिच्यासाठी झटतात. माकडशिंगी कोरड्या मुलखात लांबवर पसरलेली, म्हणून तिला सहसा कोणी धोक्यातली धरत नाही. पण तिचा माळ सपाट, जेसीबीला एक दिवस पुरतो. आमच्या गावामागं मामांचा जो माळ होता तिथं मुरूम काढून काढून खड्डा झालाय, उरलेल्यात प्लॉट पडलेत. नान्नजला 1979 पासून माळढोकाचं अभयारण्य आहे म्हणून तेवढं गवताळ रान तरी राहिलंय, बाकी माळाला सगळे पडीक जमीनच म्हणतात, आणि पडीक म्हटलं की झालं.

त्या खड्ड्याच्या काठावर मला परवा चार कांड्या सापडल्या. दोन तशाच ठेवल्या, दोन मामांच्या अंगणात मुरूम आणि वाळूत लावल्यात. मामांना आता नीट दिसत नाही, पण हात लावून लगेच ओळखली त्यांनी.